खालचा डावा, शेवटून दुसरा

४ जून

छोट्या,

ताईचा आशीर्वाद. कॉलेजात तू दातांचा मोठा मास्तर झालास, कानांवरचे केस पांढरे झाले, तरी माझ्या तोंडी छोट्याच येतं. चालवून घे. फोन करत नाही, कारण फोन केला की तुझ्या खुर्चीत कायम कुणीतरी आ करून बसलेलं असतं. पत्राला तसं सांगता येत नाही. ते टेबलावर पडून राहील आणि तुझ्याकडे बघत बसेल.

तर ऐक. आई चावते.

हसू नकोस. आधी ती दिवसभर सांभाळायला येणाऱ्या बाईला चावली. मला वाटलं, बाईने केस विंचरताना ओढले असतील, म्हणून उलट बाईलाच बोलले. मग माझी पाळी आली. दुधात कुस्करलेला पाव भरवत होते. पहिले दोन घास नीट घेतले आणि तिसऱ्याला माझं बोट धरलं ते सोडेचना. उजव्या हाताचं पहिलं बोट. शाळांचे गणवेश शिवायचे ढीगभर पडलेत, काजं हाताने करायची असतात, आणि मी सुई धरू शकत नाही. टीप मारताना बोट मशीनला लागलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

गंमत म्हणजे रोज चावत नाही. मी लक्ष ठेवलंय. तिच्या उजवीकडून घास नेला तर शहाण्यासारखी खाते. डावीकडून नेला की लचका. आता मी समोर बसून भरवणार, म्हणजे माझा उजवा हात तिच्या डावीकडेच जाणार. म्हणून डाव्या हाताने भरवायला शिकतेय. या वयात.

समोरच्या बटणांच्या दुकानातली बटणवाली म्हणते, सगळे दात काढून टाका. दात म्हणजे नखं नि केस, त्यांत काय जीव असतो? मला काही ते पटलं नाही आणि खोडताही आलं नाही. तू दातांवर जगतोस. सांग, दात जिवंत असतात की नसतात? आणि ते सांगून झालं की हेही सांग, आईला चार महिने तुझ्याकडे कधी नेतोस. तिला दोन मुलं आहेत असं मला आठवतं.

ताई


१५ जून

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. परीक्षांमुळे उत्तराला उशीर झाला. बोटाला पू धरला नाही ना? माणसाचा चावा कुत्र्याच्या चाव्याइतकाच वाईट, हे लक्षात ठेव.

तुझ्या बटणवालीला माझ्या वर्गात पाठवून दे. पहिल्या वर्षाची मुलंही पहिल्या दिवशी हेच बोलतात. तुला तुझ्या भाषेत सांगतो. दात म्हणजे अस्तर लावलेला कोट समज. वरचं कापड म्हणजे इनॅमल. अख्ख्या शरीरात त्याहून कडक काही नाही, पण त्यात जीव नाही. ते विणणाऱ्या पेशी काम उरकून, दात हिरडीबाहेर येण्याआधीच मरून जातात. म्हणून इनॅमलचा टवका उडाला तर तो पुन्हा भरत नाही. शिंपीच उरलेला नसतो. एवढ्यापुरती तुझी बटणवाली बरोबर.

पण त्याखाली डेंटिन असतं. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांत जिवंत पेशींचे धागे. आणि सगळ्यांत आत गर. रक्त, नसा, सगळं तिथे. मुळाच्या टोकाला सुईच्या नेढ्याहून बारीक भोक असतं, त्यातून हा सगळा संसार आत जातो. या गराची एक अडचण आहे. बोट सुजलं तर त्याला फुगायला जागा असते. गर सुजला तर चारी बाजूंना भिंती. म्हणून दातदुखीने भलेभले पहिलवान रडतात. त्या गराला एकच भाषा येते, दुखण्याची. गरम लागो, थंड लागो, तो एकच शब्द बोलतो.

शिवाय दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवतीच्या बारीक धाग्यांनी तो टांगलेला असतो, आणि ते धागेही जिवंत. दातांत केस अडकला तरी कळतं ते त्यांच्यामुळे. तेव्हा दात काढायची गोष्ट पुन्हा काढू नकोस. तो अडाणीपणा आहे.

आईला आणण्याबद्दल. ताई, तुला काय वाटतं, मला आणावंसं वाटत नाही? पण घरात चिमणी आहे, चार वर्षांची. आजीच्या गळ्यात पडायला धावणार, आणि आजीने तिच्या गालाचा लचका तोडला तर मी हिला काय तोंड दाखवू? आई चावत नसती तर आजच गाडी काढून आलो असतो. चावणं थांबलं की त्याच दिवशी आणून सोड, विचारूही नकोस. माझा शब्द आहे.

तुझा,
छोट्या


२२ जून

छोट्या,

वाचलं. दोनदा वाचलं. वर्गात मुलं टाळ्या वाजवत असतील. अस्तर, कोट, शिंपी! लहानपणी माझ्या हातून सुई ओढून घेऊन पळणारा तूच ना?

तुझ्या चिमणीची काळजी मलाही आहे. गाल फार गोड आहेत तिचे, तू पाठवलेल्या फोटोत पाहिलेत. माझ्या बोटाचा फोटो पाठवू का? बाईने काम सोडलं. नवी यायला तयार नाही, कारण जुनीने गल्लीभर मनगट दाखवत फेरी मारली. आता आई आणि मी, दोघीच. मी मशीनवर बसते तेव्हा तिला खिडकीपाशी बसवते. ती तोंडात साडीचा पदर धरून चघळते, आणि मधूनच 'अगं' म्हणून ओरडते. कुणाला म्हणते, माहीत नाही. मला नाव घेऊन हाक मारल्याला आता बरेच दिवस झाले.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण तुला नाही सांगायची तर कुणाला? परवा तिने पुन्हा धरलं, आणि या वेळी मी तिच्या थोबाडीत मारली. डाव्या गालावर. तिने गाल धरून खाली बसकण मारली आणि तशीच बसून राहिली, बराच वेळ. एवढं लागलं नव्हतं रे. मला वाटलं नाटक करतेय. या बायकांना म्हातारपणी नाटकं फार सुचतात, असं बटणवाली म्हणते. मी हो म्हटलं.

तिच्या वरच्या पुढच्या दाताला खाच आहे, आठवतं? आयुष्यभर दोरा दाताने तोडून पडलेली. कात्री हाताशी असली तरी ती दातच लावायची. आता माझ्याही त्याच दाताला तशीच खाच पडायला लागली आहे. आरशात बघितलं की वाटतं, आपला नंबर लागला.

एक सांग. वरून मेलेला आणि आतून जिवंत, हे कळलं. पण आतूनही मेलेला असा दात असतो की नाही? या वयात तिचे काही तरी मेले असतीलच. ते कसे ओळखायचे?

ताई


३ जुलै

ती. ताईस नमस्कार.

आईवर हात उगारलास हे वाचून वाईट वाटलं. आजारी माणसाला मारायचं नसतं, एवढं तरी तुला कळायला हवं होतं. हिला तुझं पत्र वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुझा प्रश्न चांगला आहे. हो, दात मरतो. गर सुकतो किंवा सडतो, रक्त थांबतं, नस जाते. दात जागच्या जागी उभा असतो पण आत काही नसतं. कधीकधी करडा पडतो. ओळखायची सोपी पद्धत सांगतो, आम्हीही दवाखान्यात हीच वापरतो. बर्फाचा बारीक खडा कापसात गुंडाळायचा आणि एकेका दाताला लावून धरायचा. जिवंत दात दाद देतो, माणूस दचकतं, मान मागे घेतं. मेलेला दाद देत नाही. मेलेला दात तोंडात ठेवण्यात तसं शहाणपण नाही, त्याच्या मुळाशी केव्हा पू धरेल सांगता येत नाही.

एखाद्या रविवारी फुरसतीने करून बघ. तुझाही वेळ जाईल आणि आईलाही कुणी जवळ बसल्यासारखं वाटेल. नंतर कळव.

इकडे कामाचा डोंगर आहे. पुढच्या वर्षी मला विभागप्रमुख करायचं घाटतंय, त्यामुळे सगळ्यांची तोंडं सांभाळावी लागतात.

तुझा,
छोट्या


१० जुलै

छोट्या,

आईच्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, हे वाचून धन्य झाले. तिला म्हणावं, ते पाणी पुसून झालं की आठवडाभर इथे येऊन राहा.

रविवारी बसले बर्फ घेऊन. तू सांगितलंस तसंच केलं. आईला खिडकीपाशी बसवली, गळ्याशी टॉवेल बांधला, ओठ बाजूला केला आणि उजवीकडून सुरुवात केली. छोट्या, एकाही दाताने दाद दिली नाही! ती आपली बाहेर बघत बसली होती, समोरच्या गच्चीवर कुणी चादरी वाळत घालत होतं त्याकडे. मी बर्फ लावतेय हे तिच्या गावीही नव्हतं. वरचे सगळे झाले. खाचेचा दातही झाला, त्यावर तर मी जास्तच वेळ धरला. काही नाही. खालचे उजवे, पुढचे, सगळे मेलेले.

आणि मग खाली डावीकडे, शेवटून दुसरा. बर्फ टेकला मात्र, आणि ती किंचाळली. अशी किंचाळली की बटणवाली दुकान सोडून रस्त्याच्या मधोमध आली. बर्फ काढून घेतला तरी ओरडणं थांबेना. गाल दाबून धरला होता, मागे-पुढे हलत होती, आणि मला आई म्हणत होती. मला. 'आई, नको गं, आई, नको.' चहा होऊन निवला तरी तिची कळ गेली नव्हती.

म्हणजे बाकी सगळे मेले आणि एकच जिवंत, असं समजायचं का? की त्या एकाचं वेगळं काही आहे? तू बघितलं नाहीस, मी बघितलंय, म्हणून नीट विचार करून लिही.

इथे कोपऱ्यावर नवा दातांचा डॉक्टर आलाय. तुझाच विद्यार्थी निघाला. तुझं नाव काढलं तर उभाच राहिला बिचारा. म्हणाला, तोंडी परीक्षेत सरांनी मला एकच प्रश्न विचारून रडवलं होतं. त्याला म्हटलं, आम्हालाही. तो म्हणतो, सरांनी लिहून दिलं तर मेलेले दात मी डोळे मिटून काढीन.

उत्तर लवकर दे. माझं बोट आता बरं आहे, पण हात तिच्या तोंडाजवळ न्यायचा म्हटलं की आधी बोटाला चिंधी गुंडाळते. स्वतःच्या आईची भीती वाटावी, यासारखं घाण काही नाही.

ताई


३१ जुलै

ती. ताईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं, पण परीक्षा, मग बाहेरगावच्या परीक्षकांची सरबराई, आणि त्यात चिमणीचा खोकला. कुठल्या कुठे दिवस जातात.

तू तपासणी नीट केलेली दिसतेस. जो दाद देतो त्याला जीव आहे, एवढंच त्यातून समजायचं. बाकीचं इतक्या लांबून मी काय सांगू? प्रत्येक दाताचा कीस पाडत बसण्यात अर्थ नाही. म्हातारपणी माणूस ओरडतंच. घाई करू नकोस, जसं चाललंय तसं चालू दे. सवय होते.

माझ्या विद्यार्थ्याला आशीर्वाद सांग. मुलगा कष्टाळू होता, डोकं बेताचं.

विभागप्रमुखाचं जवळजवळ नक्की झालंय. तेव्हा घरी पाहुण्यांची वर्दळ राहील, म्हणजे यंदा आईला आणणं तसंही अवघड. पण मुख्य अडचण ती नाही, चावणं ही आहे. ते नसतं तर बाकीचं मी बघून घेतलं असतं.

तुझा,
छोट्या


२३ ऑगस्ट

छोट्या,

बातमी चांगली आहे. आई चावत नाही.

तुझी शेवटची दोन पत्रं घेऊन तुझ्या विद्यार्थ्याकडे गेले. त्याने तुझं अक्षर ओळखलं, दोनदा वाचलं आणि कपाळावरचा घाम पुसला. म्हणाला, एक्स-रे काढून बघू. आईने तो काढू दिला नाही, फिल्मच थुंकून टाकली. मग तो म्हणाला, तसे यांचे बरेच दात हलतातही, आणि सरांनी लिहिलंय म्हणजे प्रश्नच नाही. झोपेचं औषध देऊन थोडे थोडे काढले. त्याचा हात हलका आहे, तुझ्या शिकवणीचं चीज झालं. एकदा मात्र अडला. आरसा घालून खाली डावीकडे बघितलं, काहीतरी ठोकून बघितलं आणि म्हणाला, हा आत चिरलाय, मी हाच आधी काढला असता. मी म्हटलं, खबरदार. सरांनी लिहिलंय, जो दाद देतो त्याला जीव आहे. बाकीचे मेलेत ते ने, तेवढा एक जिवंत राहू दे. तिचं म्हणून काही तरी तिच्या तोंडात राहू दे. त्याने आरसा काढून घेतला. तुला अजून घाबरतो.

वरचे सगळे गेले आणि खालचे तो एक सोडून सगळे. दात बटणांच्या डबीत घालून सोबत पाठवतेय. तुझ्या मुलांना शिकवायला होतील. खाचेचा तेवढा माझ्याकडे ठेवलाय.

पहिले काही दिवस वाईट गेले. तोंड आत गेलं, नाक आणि हनुवटी जवळ आली, आरशासमोरून नेलं तर तिने त्या बाईला नमस्कार केला. दुधाचा ग्लास आणि चमचा, बस. पण हात तोंडात घालता येतो. परवा हिरड्यांना औषध लावताना तिने सवयीने माझं बोट धरलं, आणि काही झालं नाही. मऊ लागलं. मी तिथेच बसून रडले. ती माझ्याकडे बघत बोट चघळत राहिली, तान्हं मूल चघळतं तसं.

ओरडते अजून. अगदी पहिल्यासारखी ओरडते, जीभ सारखी त्या उरलेल्या दातावर नेते आणि ओरडते. पण ओरडणारी आजी चिमणीला चालेल. लहान मुलंही ओरडतात.

तू लिहिलं होतंस, चावणं थांबलं की विचारूही नकोस. तरी विचारते. कधी आणू?

ताई


२९ ऑगस्ट

ताई,

हे काय करून बसलीस?

तुझी डबी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत उघडली, बटणं पाठवलीस असं वाटून. टेबलावर आईचे दात सांडले. काय लाज गेली असेल माझी, कल्पना कर. मी ते एकेक हातात घेऊन बघितले. मेलेला दात मला अंधारातही ओळखता येतो. हे मेलेले नव्हते! म्हातारे होते, झिजलेले होते, काही सैल झाले असतील, पण मुळांवर अजून धागे होते. एक कापून बघितला. आत गर होता, वाटेत वाळलेला पण धड, न सडलेला. म्हाताऱ्या माणसाचा गर आकसतो, वर जाड थर साठतो, त्याला बर्फ लवकर कळत नाही. आणि आईसारख्या भान गेलेल्या माणसाला तर कापूस लावून काहीच कळणार नाही. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं.

आणि ठेवलास कुठला, तर तोच! अगं, काढायचा होता तो तेवढाच एक! थंड लागलं आणि बर्फ काढल्यावरही कळ गेली नाही, असं तू लिहिलंस तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. दात चिरलाय, आत गर सुजलाय, घास त्या बाजूला गेला की डोक्यात कळ जाते, म्हणून ती चावते. शेंबडं पोर सांगेल. तो एक काढला असता तर बाकीचे सगळे दात तोंडात राहून ती तुझ्या हातून मुकाट जेवली असती. तुझ्या अडाणीपणाला काय म्हणावं! आणि तो गाढव विद्यार्थी, त्याला मी पास कसा केला?

असो. झालं ते झालं. आता तो उरलेला दात त्याच्याकडून काढून घे, ओरडणं थांबेल.

आणण्याबद्दल मी हिच्याशी बोललो. तू जरा शांतपणे विचार कर. आई आता चावत नाही, म्हणजे तुझीच अडचण मिटली. मग तिला उगाच इतक्या लांब हलवायचं कशाला? तिला तुझी सवय आहे. आणि खरं सांगायचं तर तसं तोंड पाहून चिमणी घाबरेल. पोरीला दचकून उठायची सवय आहे. तू मोठी आहेस, समजून घेशील.

छोट्या


४ सप्टेंबर

छोट्या,

तुझं पत्र मशीनवर ठेवलंय आणि त्यातल्या एकाच ओळीवर बोट ठेवून बसलेय. 'तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.' ही ओळ तू रागाच्या भरात लिहून गेलास. शांतपणे लिहिली असतीस तर गाळली असतीस.

मी जुलैत विचारलं होतं. त्या एकाचं वेगळं काही आहे का, नीट विचार करून लिही, असं लिहिलं होतं. तू नीट विचार केलास. तीन आठवडे केलास. तो दात काढला असता तर आई चावायची थांबली असती, आणि चावायची थांबली असती तर तुला शब्द पाळावा लागला असता. म्हणून तू लिहिलंस, जो दाद देतो त्याला जीव आहे. खोटं काही नाही त्यात. तेवढंच लिहिलंस आणि पुढे चिमणीच्या खोकल्यावर गेलास. तुला वाटलं, ताई घाबरट आहे, दात काढायला धजणार नाही. आईला दुखत राहील, ती चावत राहील, मी तिला भरवत राहीन आणि तुझ्या घरी पाहुणे येत राहतील. एवढाच हिशेब. मी निघाले तुझ्याहून अडाणी. तुझं सगळं खरं मानून बसले.

आणि मी तिला मारलं होतं ना, ते नेमकं त्या दातावर. नाटक म्हटलं होतं मी त्याला. हे मला मरेपर्यंत पुरेल, त्यात तुझी वाटणी मागत नाही.

काल तुझा विद्यार्थी आपणहून घरी आला. पिशवीतून अवजारं घेऊन आला होता. म्हणाला, मला झोप लागत नाही, तो दात आत्ता इथल्या इथे काढून देतो, पाच मिनिटांचं काम. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. हो, परत पाठवलं. तिला काय दुखतंय ते आता मला ठाऊक आहे, तुझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि तरीही मी तो ठेवलाय. तेव्हा मला चांगली म्हणू नकोस. आपण दोघं तिच्याच पोटची.

त्याला फक्त एक विचारून घेतलं. म्हणाला, गुरुवारी सकाळी पहिल्या वर्षाला दाताची रचना शिकवतात, सर ते स्वतःच घेतात, दुसऱ्या कुणाला देत नाहीत. वर्ग भरलेला असतो. कोटाची आणि अस्तराची गोष्ट तिथेच सांगतोस म्हणे.

गुरुवारी आम्ही येतोय. घरी नाही, घरी तू नसशील. तुझ्या वर्गात येतोय. खुर्चीत पेशंट आहे असं तिथे सांगता येणार नाही, कारण पेशंट मीच आणतेय. मुलांना म्हणावं, ही माझी आई. तोंड उघडून दाखव त्यांना. आईला हे सगळं भोगायला लावते म्हणून तुझ्या वर्गातल्या लेकरांपैकी एखाद्याने मला शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. मग तो दात तू काढ, तुझ्या हाताने. आधी भुलीची सुई दे. आणि मी जिन्यावरून खाली उतरेन, ते तिला तिथे ठेवून. तुझा शब्द होता, आणि तो या वेळी सगळ्यांच्या देखत आहे.

कपड्यांची पिशवी सोबत देतेय. टॉवेल गळ्याशी बांधावा लागतो. दूध कोमट दे. दात काढलास तरी काही दिवस तिच्या अंगातून भीती जायची नाही, म्हणून समोर बसून डाव्या हाताने भरव, म्हणजे घास तिच्या उजवीकडून जातो. उजव्या हाताने नेलास तर तोंड मिटून घेते आणि नुसती बघत राहते. आता चावता येत नाही तिला.

ताई